वादळ चार तासांचं, पंचनामा पाच वर्षांचा

३ जून २०२०, बुधवार. रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते. लॉकडाउनमधली ईद, नमाज घरीच, शिरखुर्मा शेजाऱ्यांच्या उंबऱ्यापर्यंत, गळाभेट फोनवर. त्यानंतर नवव्या दिवशी वादळ आलं. त्याचं नाव बांगलादेशानं सुचवलेलं होतं, ‘निसर्ग’. चक्रीवादळांच्या नावांची नवी यादी त्याच एप्रिलमध्ये जाहीर झाली होती आणि तिच्यातलं हे पहिलंच नाव.

मी वडगाव मावळची. अब्बा कोकणातून नोकरीसाठी तळेगावला आले आणि इथेच राहिले. आमच्याकडे पावसाची भीती कोणाला नाही. मावळात पाऊस पडला नाही तर भीती वाटते. पण वादळ ही समुद्राकाठची गोष्ट, अशी आमची पक्की समजूत. समुद्र इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर, मध्ये सह्याद्री. दोनच आठवडे आधी, २० मे रोजी, अम्फान चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर धडकलेलं आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. ‘बिचारे लोक’ म्हणून चॅनल बदललं होतं.

त्या सकाळी आमची काळजी वडगावची नव्हतीच. काळजी होती फुफीची. अब्बांची थोरली बहीण, वय सत्तरच्या पुढे, नवरा वारल्यापासून माहेरच्या घरात एकटी. श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या किनाऱ्यापासून थोडं आत आमचं गाव. कौलारू घर आणि मागे बारा गुंठ्यांची वाडी. वाडीत सुपारी, नारळ, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल, विहिरीजवळ एक जायफळ. साडेअकराला तिचा फोन लागला. ती म्हणाली, “समुद्राचा आवाज इथपर्यंत येतोय. शाळेत चला म्हणून माणसं सांगून गेली. मी गेले तर घर कोण सांभाळणार?” अब्बा तिच्यावर ओरडले. ती हसली आणि फोन कट झाला. त्यानंतर चार दिवस तो लागलाच नाही.

हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनमधून १२०. आम्ही नकाशावर ते लाल वर्तुळ बघत होतो आणि त्या वर्तुळाची पुढची वाट आपल्याच डोक्यावरून जाते, हे आमच्या लक्षातच येत नव्हतं. रायगडातून ते पुणे जिल्ह्यात शिरलं. घाट चढताना त्याचा जोर कमी झाला होता, पण कमी झालेला जोरसुद्धा आमच्या पत्र्यांना पुरेसा होता.

चारच्या सुमारास मी मागच्या पायरीवर उभी होते. घरात रेंज नव्हती, पायरीवर एखादी कांडी यायची. फुफीचा नंबर पुन:पुन्हा लावत होते. फोनची बॅटरी संपत आली म्हणून चार्जर आणायला आत वळले. लाईट गेलेले आहेत हेही त्या घाईत विसरले होते. दोन पावलं टाकली असतील, मागे असा आवाज झाला की अम्मीनं कलमाच म्हटला. वळून पाहिलं तर पायरीवर एक अख्खा पत्रा, लोखंडी अँगलसकट, आडवा पडलेला. पायरीचा कोपरा फुटला होता. मी जिथे उभी होते तिथेच.

पत्रा आमचा नव्हता. गल्लीच्या टोकाला एक गॅरेज होतं, भाड्याच्या शेडमध्ये चालणारं. त्या शेडचा तो पत्रा तीन घरं ओलांडून आला होता. गॅरेजवाला मुलगा आपल्यापैकीच, तिशीच्या आतला. संध्याकाळी तो पत्रा उचलायला आला तेव्हा त्याला माझ्याकडे वर मान करून बघवेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोरी, आज दृष्ट काढ स्वतःची.” अम्मीनं सदका काढला. अब्बा काही बोलले नाहीत. ते फोन हातात घेऊन बसून होते.

दुसऱ्या दिवशी मावळ कसा दिसत होता हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. गुलाब आणि जरबेऱ्याच्या पॉलिहाउसचे सांगाडे वाकलेले, प्लास्टिकच्या चिंध्या तारांवर लटकलेल्या. लॉकडाउनमुळे फुलं आधीच फेकावी लागली होती, आता फुलांचं घरही गेलं. झाडं रस्त्यावर, खांब शेतात. भाताच्या रोपांसाठी तयार केलेल्या वाफ्यांतून पाणी वाहून गेलेलं. तरीही आमचं बोलणं एकाच वाक्यावर संपायचं, ‘जीव वाचला ना!’

पाचव्या दिवशी फुफीचा फोन आला. कोणीतरी मोटरसायकलवरून तिला टेकडीवर नेलं होतं, तिथे थोडी रेंज होती. दुपारी एकच्या सुमारास शेजारची दोन कोळ्यांची पोरं आली होती. त्यांनी तिला काही विचारलंच नाही, एकानं तिचं गाठोडं उचललं, दुसऱ्यानं तिचा हात धरला आणि आपल्या स्लॅबच्या घरात नेऊन बसवलं. तासाभरात आमच्या घराचं आढं खाली आलं. थेट तिच्या खाटेवर.

म्हणजे एकाच घरातल्या दोन बायका, शंभर किलोमीटरच्या अंतरावर, एकाच वादळातून थोडक्यात वाचल्या. एक चार्जरमुळे, दुसरी शेजाऱ्यांच्या पोरांमुळे. ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणारा ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतो. मीही म्हणते. पण आज लिहायचं आहे ते त्यानंतरचं. कारण वाचणं त्या दुपारी संपलं नाही.

गावी पोहोचायला आम्हाला तीन आठवडे लागले. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. शेवटी एका टेम्पोत ताडपत्र्या, तांदूळ, मेणबत्त्या आणि खिळे भरून अब्बा आणि मी निघालो. खोपोली, पाली, माणगाव, म्हसळा. म्हसळ्याच्या पुढे अब्बांनी बोलणं बंद केलं. विजेचे खांब रांगेनं वाकलेले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव ज्या वाड्यांमुळे झालं, त्या वाड्या आडव्या झालेल्या. सुपारीचं झाड वाकत नाही, मोडतं. एक मोडलं की शेजारच्यावर पडतं. पूर्वी ज्या वाडीत भर दुपारी अंधार असायचा तिथे आता लख्ख ऊन होतं. गावात अजून वीज नव्हती आणि पावसाळा सुरू झाला होता.

आमच्या वाडीत दीडशे सुपाऱ्या होत्या. एकशेदहा पडल्या. बारा नारळांपैकी आठ गेले. जायफळ मुळासकट उपटलं. सुपारी लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही जवळपास तेवढीच. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या दृष्टीनं हा हिशेब काय होतो, ते तिनंच सांगितलं. ती म्हणाली, “आता लावीन ती सुपारी मी खाणार नाही.”

आमच्या देखत पंचनामा झाला. आलेला माणूस भला होता, थकलेला होता, त्याच्याकडे कितीतरी गावं होती. झाडं मोजली, फोटो काढले. मग त्यानं सातबारा पाहिला आणि फुफीला म्हणाला, “आजी, यात तुमचं नाव नाही.”

खरंच नव्हतं. आजोबा वारले तेव्हा वारसनोंद झाली ती तीन मुलांची. एक मुंब्र्याला, एक कुवेतला आणि तिसरे माझे अब्बा, वडगावला. मुलगी होती, जिवंत होती, त्याच घरात वाढली होती, पण फेरफारात तिचं नाव आलं नाही. पुढे ती विधवा होऊन परत आली, पंचवीस वर्षं तिनं ती वाडी शिंपली, सुपारी सोलली, मिरी वाळवली. पण कागदाच्या दृष्टीनं ती तिथे नव्हतीच. घराची गोष्ट तर त्याहून पुढची. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर अजून आजोबांच्याच नावावर होतं. मदत मिळणार होती ती एका मयत माणसाला.

आता मदतीचा हिशेब बघा, कारण आपल्यातले फार थोडे लोक तो मांडून बघतात. वादळानंतर दोनच दिवसांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. मग निकष वाढवले गेले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, फळबागेला हेक्टरी ५० हजार. ऐकायला मोठं वाटतं. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टरला साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आमच्या बारा गुंठ्यांना सहा हजार. बागायतदारांनी आवाज उठवला तेव्हा पुढे झाडाप्रमाणे मदतीचा निर्णय झाला. सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५०. त्या हिशेबानं आमच्या एकशेदहा सुपाऱ्यांचे साडेपाच हजार आणि आठ नारळांचे दोन हजार. एकूण साडेसात हजार. तीन खातेदार, प्रत्येकी अडीच हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त होती.

त्यातले फुफीला किती? शून्य. कुवेतच्या काकांचं संमतीपत्र यायला विमानं बंद, वकिलाती बंद. मुंब्र्याचे काका आजारी. एक बाई चिखलात उभी आणि तिच्या वाडीचे मालक तीन दिशांना.

परतताना मी अब्बांना विचारलं, “फुफीचं नाव का नाही लावलं?” खूप वेळ ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “तिनं कधी मागितलं नाही.”

मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या घराघरात आहे. मागितलं नाही, म्हणून दिलं नाही. बहिणीनं मागितलं तर ती लोभी, नाही मागितलं तर ती समजूतदार. माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून ती हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवते, आणि आपण त्याला तिचा मोठेपणा म्हणतो. माझे अब्बा वाईट माणूस नाहीत. दर महिन्याला ते फुफीला पैसे पाठवायचे. पण पैसे पाठवणं ही मेहरबानी होती. नाव लावणं हा हक्क होता. मेहरबानी भावाच्या खिशावर चालते, हक्क कागदावर. वादळात खिसे रिकामे झाले, तेव्हा कागद हवा होता आणि तो नव्हता.

इथे धर्माचं नाव घेणाऱ्यांना एक विचारायचं आहे. सूरह निसामध्ये आईबापांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला वाटा सांगितला आहे, मालमत्ता कमी असो की जास्त. मुलीला मुलाच्या निम्मा का, समान का नाही, हा वाद आपण घातला पाहिजे आणि मी तो घालणारच. पण आधी एवढं तरी बघू या की निम्मा तरी मिळतो का? आमच्या घरात मिळाला नव्हता. शरियत वाचवण्यासाठी मोर्च्यात जाणारे किती भाऊ तलाठ्याकडे जाऊन शरियतप्रमाणे बहिणीचं नाव लावून आले आहेत?

कायद्यातही एक फट आहे आणि ती तरुणांना माहीत असायला हवी. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात वारशाचे प्रश्न मुस्लिम वैयक्तिक कायद्यानं सोडवायचे असं म्हटलं आहे, पण त्यातून शेतजमीन वगळली आहे. तमिळनाडू आणि केरळ यांनी आपापल्या दुरुस्त्या करून ही शेतजमीनही कायद्याच्या कक्षेत घेतली. याचा अर्थ आपल्याकडे मुलीला काहीच नाही असा अजिबात होत नाही. पण ज्याला द्यायचं नाही त्याला तेवढं धुकंही पुरतं. वैयक्तिक कायद्यात हात घालू नका म्हणणाऱ्यांनी या फटीबद्दल कधी मोर्चा काढलेला मी पाहिलेला नाही.

आणि हे फक्त कोकणाचं, फक्त बायकांचं नाही. वडगावच्या त्या गॅरेजवाल्याकडे परत या. त्याच्या शेडचे सहा पत्रे गेले, आत कॉम्प्रेसर भिजला, दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्यांच्या काचा फुटल्या. पंचनाम्यात शेड लागली मालकाच्या नावावर. याच्याकडे ना भाडेकरार, ना दुकानाची नोंद. भाडं रोख, बोलणी तोंडी. ‘मालक चांगला माणूस आहे, कागद कशाला?’ असं तोही म्हणायचा. मालक खरंच चांगला होता, त्यानं दोन महिन्यांचं भाडं माफ केलं. पण गेलेलं सामान सरकारी कागदावर कधी गेलंच नाही, कारण ते तिथे कधी नव्हतंच. आपल्यातले कितीजण असे भाड्याच्या शेडमध्ये, हातगाडीवर, दुसऱ्याच्या गाळ्यात राबतात! वादळ सगळ्यांवर सारखं येतं. मदत मात्र ज्याचं नाव आहे त्याच्याच दाराशी जाते.

आता कोणी म्हणेल, असं वादळ शंभर वर्षांतून एकदा येतं, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? पूर्वी हे बऱ्याच अंशी खरं होतं. अरबी समुद्रात वादळं कमी व्हायची आणि झाली तरी बहुतेक गुजरातकडे नाहीतर ओमानकडे वळायची. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं, तेव्हाही आपण त्याला अपवाद म्हटलं. पण समुद्र तापतो आहे आणि वादळाचं इंधन म्हणजे समुद्राचं गरम पाणीच. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. निसर्गनंतर वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गेलं. फुफीच्या नव्या कौलांपैकी काही तेव्हा पुन्हा उडाली.

हे सांगणारे शास्त्रज्ञ परदेशात बसलेले नाहीत. वडगावहून लोकल पकडा, तासाभरात शिवाजीनगर. तिथे हवामान खात्याचं कार्यालय आहे, १९२८ मध्ये सिमल्याहून आलं म्हणून जुनी माणसं त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. थोडं पुढे पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्याच काळात बंगालच्या उपसागरात ती थोडी कमी झाली. म्हणजे टीव्हीवर बघून ‘बिचारे लोक’ म्हणायचे दिवस संपले. आता ते बिचारे आपण.

याच लोकांच्या अंदाजामुळे निसर्गच्या वेळी दोन-तीन दिवस आधी इशारा मिळाला, कोरोनाच्या भीतीतही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवता आलं आणि एवढ्या मोठ्या वादळात मृत्यू कमी झाले. जीव कसा वाचवायचा हे आपला देश शिकला आहे. वाचलेल्या जिवाचं पुढे काय, हे शिकायचं बाकी आहे. आणि त्याचा अर्धा भाग सरकारचा असला तरी अर्धा आपल्या घरातला आहे.

आपल्यात अजून एक आवाज उठतो. वादळ अल्लाहची मर्जी, त्यापुढे माणसाचं काय चालणार? दिवेआगरच्या वाटेवर एका बुजुर्गांनी मला हेच सांगितलं. मी त्यांना उंटाची गोष्ट आठवण करून दिली. उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवू, असं एकानं पैगंबरांना विचारलं, तेव्हा त्यांनी आधी बांधायला सांगितलं आणि मग भरवसा ठेवायला. वारसनोंद म्हणजे उंट बांधणं. बुजुर्ग हसले आणि म्हणाले, “बाई, मग माझ्या बहिणीचाही उंट बांधायचा राहिला आहे.”

आमच्या घरचा उंट कसा बांधला तेही सांगते, कारण फुकटचा उपदेश मला आवडत नाही. अब्बांनी आपल्या वाट्याचे अडीच हजार फुफीला दिले. मी म्हटलं, ही परत मेहरबानीच झाली. ते रागावले. आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी आजोबांच्या मृत्यूचा दाखला शोधायला काढला. मग जुना फेरफार, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, भावांची संमती. मुंब्र्याच्या काकांनी सही केली. कुवेतच्या काकांचा फोन आला, “आता या वयात तिला कशाला?” त्या एका वाक्यानं दोन वर्षं खाल्ली. जुनी चुकलेली नोंद सुधारणं हे नवी नोंद करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे आम्हाला चपला झिजवून कळलं. शेवटी गेल्या वर्षी उतारा हातात आला. चार नावं. चौथं नाव फुफीचं.

मी तिला तो वाचून दाखवला. तिनं विचारलं, “यानं आता काय होतं?” मी म्हटलं, पुढच्या वेळी पंचनामा तुझ्या नावानं होईल. ती म्हणाली, “पुढची वेळ कशाला आणतेस तोंडावर?” मग तो कागद तिनं कुराणशरीफच्या रिहालीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला. पाणी लागू नये म्हणून.

आता बकरी ईद येईल. तुमच्यातले बरेचजण गावी जातील. कोकणात, मराठवाड्यात, घाटावर. कुर्बानीचे वाटे होतील, तिसरा हिस्सा गरिबांना जाईल. त्या दोन-तीन दिवसांत तासभर काढा आणि एवढी कामं करा.

महाभूलेखवर आपल्या घरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ उघडा. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. त्यावर मयत माणसाचं नाव आहे का पाहा. जिवंत वारसांची नावं मोजा आणि मग घरातल्या बायका मोजा. आई, आजी, फुफी, बहिणी. दोन्ही आकडे जुळतात का ते बघा.

घरात कोणी वारलं असेल तर वारसनोंद लांबवू नका. जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारशानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज ऑनलाइनही देता येतो. अर्ज लिहिणाऱ्याला ‘फक्त मुलांची नावं टाका’ असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. तिथे तुम्ही बसलेले असा.

ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. भाड्यानं राहत किंवा धंदा करत असाल तर करार लेखी करून घ्या, छोटा का असेना. घराचे, शेडचे, झाडांचे, यंत्रांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, सगळं धडधाकट उभं असताना. पडल्यानंतरच्या फोटोत काय होतं ते दिसत नाही, काय उरलं तेच दिसतं.

आणि ज्यांना थोडं वाचता-लिहिता येतं, ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, त्यांनी मोहल्ल्यातल्या दहा घरांचे उतारे काढून द्यावेत. वादळानंतर आपली पोरं फार चांगलं काम करतात. निसर्गच्या वेळी जमातीची मुलं करवती घेऊन रस्ते मोकळे करत होती, कुठल्या मोहल्ल्यातलं झाड आहे ते न विचारता. फुफीचा हात धरून नेणाऱ्या त्या दोघांनीही काही विचारलं नव्हतं. हीच धावपळ वादळाच्या आधी, उतारे काढण्यासाठी केली तर तिचा फोटो कोणी काढणार नाही, बातमी होणार नाही. पण पुढच्या पंचनाम्याला कोणा म्हातारीला ‘आजी, यात तुमचं नाव नाही’ हे ऐकावं लागणार नाही.

२०२० च्या पावसाळ्यातच फुफीनं साठ सुपाऱ्या नव्यानं लावल्या होत्या. मी खाणार नाही म्हणत होती, तरी लावल्या. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दोन झाडांना पहिले घड धरले आहेत. तिनं मला बोलावलं आहे, मोजायला. झाडं किती आणि कुठे, हे लिहून ठेवायचं म्हणाली, फोटोसकट. ईदला मी तिकडेच जाणार आहे.

तुमच्या उताऱ्यावर काय सापडलं ते आम्हाला लिहून कळवा. नावं नकोत. फक्त एवढंच लिहा, घरात बायका किती आणि कागदावर किती.